घाटाला किती वेळ लागतो

आमच्या भागात चढ नाही. दर्यापूरकडून कुठंही निघा, खाली काळी माती अन् वर आभाळ. मी तीस वर्षं गावचा कोतवाल होतो. तहसीलीच्या नोटिसा, तलाठ्याचे निरोप, कोणाच्या मरणाची खबर, सगळं सायकलवर पोचवलं. निघताना सांगायचो, एवढ्या वाजता पोचतो, अन् पोचायचो. समोरून वारं असलं तर पाव तास उशीर. सपाटीवर रस्ता काही लपवत नाही. ज्या गावाला जायचं त्याचा लिंब दीड कोसावरून दिसतो, अन् तो दिसला की माणूस मनातल्या मनात वेळ ठरवून टाकतो.

माझी बायको घाटातली. तिचा बाप मूळचा आमच्याच बाजूचा, पण जंगलखात्यात चौकीदार लागला अन् तिकडेच राहिला. चिखलदऱ्याच्या अलीकडे, डांबरी सोडून आत, पंधरा-वीस घरांचं गाव. ती लग्न होऊन खाली आली तेव्हा वर्षभर माझ्या आईजवळ एकच रडगाणं गायची, "इथं नजर कुठी टेकतच नाई वं, माय." आई म्हणायची, "मंग नवऱ्याकडे पाय ना, थो काई हालत नाई जागचा."

गेल्या फाल्गुनात ती गेली. सकाळी चहा ठेवला, छातीत कसं तरी होते म्हणाली अन् ओट्याला टेकून खाली बसली. गाडी येईपर्यंत संपलं होतं. नऊ वाजले होते.

आमच्यात सवाष्ण गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असतं. भाऊ आणतो. त्याच्याशिवाय उचलत नाहीत. माझी एकच पोरगी, अकोल्याला दिली आहे. तिला फोन केला तेव्हा ती रडता रडता पहिलं हेच बोलली, "बाबा, मामाले कळवलं का?" मी म्हटलं, "मी कळवतो." अन् कळवलं नाही. ती अकोल्याहून आली, तिनं परत विचारलं. मी म्हटलं, "लावून राहिलो, लागत नाई." घाटात मोबाईल लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी पुढे विचारलं नाही. मी गावातल्या दुकानातून हिरवं लुगडं आणवलं अन् लोकांना सांगितलं, तिच्या भावानं मागेच देऊन ठेवलं होतं. दोन वाजता उचलली. संध्याकाळी पोरीनं आपल्या मोबाईलवरून मामाला फोन लावला, तर एका घंटीत उचलला. ती बोलत होती अन् माझ्याकडे पाहत होती. तिनं मला तेव्हा काही विचारलं नाही अन् नंतरही नाही.

चौदावीला तो आला नाही.

काहून केलं असं, हे मी मला पुष्कळदा विचारलं. लोक म्हणतील जुना राग होता. राग होताच. पण खरं सांगायचं तर तो आला असता, बहिणीच्या पायाशी पडून रडला असता, अन् सगळ्या गावानं त्याला धरलं असतं. मला रडता येत नाही. मी तिथं खुर्चीवर बसून राहिलो असतो, अन् माझीच बायको मला त्याची वाटली असती. एवढ्यासाठी मी फोन लावला नाही.

जुना राग पोरीच्या लग्नातला. मुलीला मांडवात मामानं आणायचं अन् अक्षता पडेपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं. तो दहा वाजता येणार होता. मुहूर्त पावणेबाराचा. त्याच्या घरापासून माझ्या मांडवापर्यंत किती किलोमीटर, फटफटीला किती वेळ, हे मी बोटावर मोजलं अन् ठरवलं की कितीही उशीर झाला तरी साडेदहाला पोचायलाच पाहिजे. नाही पोचला म्हणजे त्याला यायचंच नाही. बायको म्हणाली, "अवो, घाटात पाणी असन. थांबा जरासं." मी गावातल्या एका दोस्ताला मामा म्हणून उभं केलं, अन् वर चार लोकांत बोललो, "वरचे लोक हायेत, जंगलातून निंगतील तवा निंगतील!" लोक हसले. तो एक वाजता आला. गुडघ्यावर पँट फाटलेली, चिखल मानेपर्यंत. घाटात अवकाळीनं झाड पडलं होतं. फटफटी झाडाच्या खालून ओढून काढली म्हणे. त्यानं भाचीच्या मागं उभा असलेला माझा दोस्त पाहिला, आणलेलं लुगडं बहिणीच्या हातात दिलं, अन् पाण्याचा थेंब न घेता परत गेला.

त्यानंतर तो माझ्या दारात आला नाही, मी त्याच्या दारात गेलो नाही. बायको भाऊबीजेला एकटी यष्टीनं वर जायची.

आता भादवा आला. पित्रांत नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायांचं पान वाढतात. तिचं पहिलं पान. भावाला बोलावल्याशिवाय वाढायला माझा हात होईना. पोरगी म्हणाली, "बाबा, फोनवर बोलावून घ्या. अन् त्या दिवसाचं काढलंच तं सांगा, लागला नाई म्हणून. संपलं." मी म्हटलं, "फोनवर नाई जमत." ती म्हणाली, "मंग यष्टीनं जा."

मला यष्टी लागते. सपाटीवर कशीबशी सोसतो, घाटात नाही. माझ्या वरातीची यष्टी वर गेली तेव्हा मी चार वेळा खिडकीतून ओकलो. तेव्हा हाच साळा सगळ्यांना सांगत फिरला होता, "जवाई पोचले, पोट मागून येऊन राहिलं!" तेव्हा आम्ही हसत होतो एकमेकांवर.

म्हणून सायकल काढली. पोरगी फोनवर ओरडली, मी फोन ठेवून दिला.

पहिला दिवस काहीच नव्हता. अंजनगाव, तिथून परतवाडा, संध्याकाळच्या आत पोचलो. देवळात झोपलो. अडुसष्टावं लागलं तरी सपाटीवर माझे पाय अजून ऐकतात. पहाटे उठून पाहिलं तर उत्तरेला डोंगर दिसायला पाहिजे होता, तो नव्हता. त्याच्या जागी राखेसारखा ढग बसलेला होता, जमिनीला टेकून. सहा वाजता निघालो. मनात म्हटलं, तीसेक किलोमीटर आहे, चढ धरून दहा वाजता पोचू.

धामणगाव गढीच्या पुढे एका बाईची चहाची टपरी होती. तिनं चहा देता देता सायकल खालून वर पाहिली.

"कुठी निंगाले, बुढेबाबा?"

"वर. साळ्याकडे."

"सायकलीनं? समोरचा ब्रेक कुठी गेला?"

मी सांगितलं. आमच्याकडे पावसाळ्यात काळी माती चाकाला असा गोळा धरते की मडगार्डमध्ये चाक अडकतं अन् ब्रेकचे रबर मातीत रुतून बसतात. म्हणून मिरग लागला की मडगार्ड अन् समोरचा ब्रेक काढून घरी ठेवायचा, दिवाळीला परत बसवायचा. मागचा ब्रेक तेवढा नावाला. सपाटीवर थांबायला ब्रेक लागतोच कुठं, पाय मारणं सोडलं की सायकल आपोआप थांबते.

बाई हसली नाही. म्हणाली, "इथं नाई थांबत, बाबा. चढ हाय म्हणून सगळे चढाचंच भेव घेतात. मधात दोन जागी उतार हाय. पायी उतरजा." पैसे घेताना परत म्हणाली, "आयकलं ना? पायी."

मी हो म्हटलं.

चढ सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं टायरातली हवा गेली. उतरून दाबून पाहिलं, चाक टणक होतं. रस्ता सपाटच दिसत होता, पण सायकल पुढं जाईना. हे मला नवीन होतं. डोळा सांगतो सपाट आहे अन् मांडी सांगते नाही. कुणाचं खरं मानावं? उभा राहून पायडल मारायला लागलो, पन्नास पायडल, मग छाती भात्यासारखी. मग उतरून ढकलत. मग पुन्हा बसून. दोन्ही बाजूंनी साग, पानं परातीएवढी, अन् त्यावरून पाणी ठिबकतं तर मागून कोणी चालत येत आहे असं वाटत राहायचं. मी दोन वेळा मागं वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

वळणं मोजायचं ठरवलं होतं. बायको सांगायची, लहानपणी ती अन् भाऊ यष्टीत वळणं मोजायचे अन् दरवेळी आकडा वेगळा यायचा. मी सतरापर्यंत मोजली. मग दम लागून विसरलो. वळण आलं की वाटायचं, ह्याच्या पलीकडे संपलं. पलीकडे दुसरं वळण. लिंब नाही, गाव नाही, मनात वेळ लावायला काहीच नाही. माणूस किती आला अन् किती राहिला हे घाट कळूच देत नाही.

आठच्या सुमारास मागून पाच-सहा पोट्टे आले, अमरावतीचे असावेत. गिअरच्या सायकली, डोक्यावर टोपडे, अंगाला चिकटलेले कपडे. एकजण माझ्या बाजूनं हळू झाला.

"काका, कोणत्या गिअरवर हाय?"

"एकच हाय, बापू. थो बी गुडघ्यात."

ते खदखदा हसले. एकानं मला पाण्याची बाटली दिली, एकानं फोटो काढला. त्यातला जो वयानं मोठा होता त्यानं माझं पुढचं चाक पाहिलं अन् त्याचं हसू गेलं. "काका, तुमी परत जा," म्हणाला. "खरंच सांगून राहिलो. वर धुई हाय, समोरचं दिसत नाई. आमीच अर्ध्यातून फिरतो आज." मी म्हटलं, माझं काम आहे वर. तो म्हणाला, "असं कोणतं काम हाय?" मी सांगितलं नाही. ते गेले. थोड्या वेळानं तेच पोट्टे वरून खाली आले, एकापाठी एक, कोणी बोललं नाही, कोणी हात हलवला नाही. फक्त ब्रेकांचा आवाज. धुईतून निघाले अन् झाडांत गेले.

मग मीही धुईत शिरलो.

धुई म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यात तुरीवर पडते ती. इथली वेगळी होती. समोर चार हात रस्ता, पुढे पांढरं. दरीच्या बाजूला बुटके खांब, तेही मध्येमध्ये तुटलेले. चढ कमी झाल्यासारखा वाटला, पाय हलके पडले. मी खूश झालो. म्हटलं, आलं बुवा. सीटवर बसलो अन् पायडल मारायला लागलो.

तो उतार होता.

मला कळलं तेव्हा हवा कानात शिरली होती. मागचा ब्रेक दाबला, रबर ओलं, चाकावरून घसरत राहिलं. पायडल सोडले, सायकल थांबली नाही, उलट जोरात गेली. मी सपाटीवरचा माणूस, मी चप्पल काढून मागच्या टायरावर दाबायला गेलो, जसं पोरपणी करायचो. चप्पल हातातून गेली. पुढं वळण आहे का, दरी कोणत्या बाजूला, काहीच नाही. तेव्हा एक गोष्ट माझ्या मनात आली, ती सांगतो, लपवत नाही. मला वाटलं, जाऊ दे. पोचायचं नाही अन् सांगायचं नाही. बरंच आहे.

पण लगेच दुसरं वाटलं, की मग पोरगी मामाला फोन करील अन् तो एका घंटीत उचलील, अन् त्याला खरं कधीच कळणार नाही. मी हँडल डोंगराच्या बाजूला वळवलं. नालीत गेलो, दगडाला चाक लागलं, मी मातीवर पडलो. कोपर सोललं, पुढचं चाक वाकडं झालं. बाकी काही झालं नाही. खूप वेळ तिथं बसून होतो. धुईत माकडं खोकत होती. ती वाघाला पाहून तशी खोकतात हे बायकोनं सांगितलं होतं. मी उठलो.

पुढचं सगळं पायी. एक चप्पल, वाकडं चाक, ते दर फेऱ्याला चिमट्याला घासायचं. रस्त्याच्या कडेला एका जागी जुना बुंधा दिसला, करवतीनं कापलेला, शेवाळ धरलेला. बैलगाडीच्या चाकाएवढा जाड. लग्नाच्या दिवशी पडलेलं झाड तेच असेल असं नाही, घाटात किती झाडं पडतात. पण मी तिथं उभा राहिलो. कंबरेएवढ्या बुंध्याखालून फटफटी ओढायला एका माणसाला किती वेळ लागेल ते पाहत होतो. मला सांगता येईना. मी, ज्यानं बोटावर वेळ मोजून त्याला खोटं ठरवलं होतं. घड्याळात साडेबारा वाजले होते अन् मी दहाला पोचणार होतो.

पोचलो तीन वाजता.

साळा अंगणात म्हशीचं दावं वळत बसला होता. आता तोही म्हातारा झाला. मला पाहिलं अन् हात थांबले. त्याची बायको दारातून बाहेर आली, माझं कोपर, माझा अनवाणी पाय पाहून म्हणाली, "अगं माय, भाऊजी! काय झालं? बसा, बसा." साळा म्हणाला, "पाणी दे त्याईले."

मी पाणी घेतलं नाही. आधी पाणी प्यालो असतो तर मग सांगणं झालं नसतं. उभ्यानंच म्हटलं, "दादा, फोन लागत होता. मीच लावला नाई."

तो दावं वळायला लागला. "किती वाजता गेली?"

"नऊ."

"अन् उचलली कवा?"

"दोन वाजता."

त्यानं मान हलवली, जसं तलाठी कागद तपासताना हलवतो. "घाट साफ होता त्या रोजी. मी साडेबाराले पोचलो असतो."

"हाव."

"लुगडं कोणाचं नेसवलं?"

"मी आणलं. लोकायले सांगितलं तुमचं हाय."

वहिनीनं तोंडाला पदर लावला. तो उठला. मला वाटलं मारतो. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो म्हशीजवळ गेला, दावं तिच्या गळ्यात बांधलं, गाठ दोनदा तपासली. तिकडे तोंड करूनच म्हणाला, "माह्या नावानं बी तुमीच देऊन टाकलं."

मी नवमीचं बोललो. तिचं पान वाढायचं आहे, तुमच्याशिवाय वाढत नाही, या. त्यानं म्हशीपुढचा चारा सारखा केला. मग म्हणाला, "पाहू." वहिनीनं माझ्या कोपराला हळद लावली अन् तिच्या माणसाच्या जुन्या चपला पायात दिल्या. परतवाड्याला जाणाऱ्या दुधाच्या जीपवर सायकल चढवायला साळ्यानं हात लावला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. जीप निघाली अन् मी पहिल्याच वळणावर ओकलो.

पोरगी नवमीच्या आदल्या दिवशी आली. "काय म्हटलं मामानं?" मी म्हटलं, "पाहू म्हणाला." तिनं डाळ भिजवली, वड्यांचं, खिरीचं सगळं काढून ठेवलं. दिवसभर उत्तरेकडे आभाळ काळं होतं. गावातल्या चौघांना जेवायला सांगितलं होतं, त्यांना मी परत जाऊन सांगितलं, की वेळ सांगत नाही, बोलावणं येईल तेव्हा या. ते नाराज झाले. एकजण म्हणाला, "कोतवालसाहेब, तुमच्याकडे बी आता वेळ नसते का?"

नवमीला सकाळी उजाडता उजाडता दूध आणायला निघालो. गावाच्या यष्टी थांब्यावर एक माणूस बसलेला दिसला. घोंगडी पांघरलेली, मांडीवर पिशवी. जवळ गेलो तर साळा. डोळे लाल, पायाला चिखल वाळलेला. फटफटी थांब्याच्या भिंतीला टेकवलेली.

"कवा आले?"

"काल दिवस बुडता."

"अन् घरी नाई आले? पोरगी वाट पाहून राहिली."

त्यानं पिशवीवर हात ठेवला. आत लुगडं होतं, कागदातून जांभळा काठ दिसत होता. म्हणाला, "वर पाणी लय हाय. सकाळी निंगालो असतो तं उशीर झाला असता."

मी त्याचा हात धरायला गेलो. त्यानं हात मागे घेतला, रागानं नाही, सहज.

"चला घरी, दादा. चहा घ्या."

"नाई. किती वाजता सुरू करता थे सांगा. मी तवा येतो."

"तुमी आल्यावर सुरू करू. तुमच्याशिवाय कोणी हात नाई लावत."

"तसं नाई," तो म्हणाला. "वेळ सांगा."

माझ्याच गावाच्या थांब्यावर तो मला असं म्हणत होता. मी म्हटलं, "अकरा."

त्यानं मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं, पिशवी पोटाशी ओढून घेतली, अन् तिथंच बसून राहिला.